नावं उघड, अभिप्राय बंद: नाशिकच्या एका तांत्रिक गटातल्या नेतृत्वनिवडीचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. नाशिकमधल्या कुठल्याही एका गटाची ही हकीकत नाही, त्यातले सभासद आणि आकडेही रचलेले आहेत. यातले पेच मात्र तांत्रिक मंडळींच्या संघटनांमध्ये वारंवार पडतात. कायद्याची कलमं आणि बाहेरच्या समुदायांचे दाखले खरे आहेत.

गट कसा आहे

मुक्त सॉफ्टवेअर आणि एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणाऱ्यांची एक नोंदणीकृत संस्था. सभासद १६०. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे औद्योगिक संगणक) आणि कंट्रोल पॅनेलवाली मंडळी, गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले लोक, पॉलिटेक्निकचे काही शिक्षक, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. संस्थेच्या नावावर दोन सर्व्हर, एक डोमेन आणि एक बँक खातं. आयटीआयच्या मुलांसाठी दरवर्षी कार्यशाळा होतात. कार्यकारी मंडळ सात जणांचं, मुदत दोन वर्षं. एका वर्षी चार जागा रिकाम्या होतात, पुढच्या वर्षी तीन.

थेट मतदान संस्थेने मुद्दाम टाळलं होतं. वार्षिक सभेला चाळीस-पंचेचाळीस जण येतात आणि अंबडच्या एकाच कंपनीत तीस सभासद आहेत. ते ठरवून आले की निकाल लागलाच. विकास सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत पॅनेलच्या निवडणुका पाहत वाढलेल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून घटनेत तरतूद अशी: इच्छुक सभासदांतून चिठ्ठ्या टाकून पाच जणांची निवड समिती, तिला मताधिकार नसलेला एक निमंत्रक, समितीने सुचवलेल्या नावांना सभेची मंजुरी.

ही कल्पना आली इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफकडून. तिथे नामनिर्देशन समितीचे दहा मताधिकारी सदस्य स्वयंसेवकांतून यादृच्छिक पद्धतीने काढले जातात. आयईटीएफचे नियम आणि मानकं ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत असतात. त्यांतल्या २०२०च्या आरएफसी ८७१३नुसार त्यांत एकाच ठिकाणी नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त नसतात आणि समितीतल्या मताधिकाऱ्याला स्वतः उमेदवार होता येत नाही. नाशिकच्या संस्थेने चिठ्ठ्या घेतल्या, दोनची मर्यादा घेतली नाही. ‘आपल्याकडे सगळे ओळखीचेच आहेत, कशाला’ असं त्या वेळी म्हटलं गेलं.

काय बिघडलं

चार जागांसाठीची निवड सुरू झाली तेव्हा समितीसाठी वीस जणांनी नावं दिली. एका मासिक बैठकीत, अकरा जणांसमोर, डब्यात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. पाचांपैकी तीन जण त्या अंबडच्या कंपनीतले निघाले. वीसपैकी सात जण तिथलेच होते, त्यामुळे निव्वळ योगायोगानेही असं होऊ शकतं. पण जे बैठकीला नव्हते त्यांना ते पटवायला निमंत्रकाकडे काहीच नव्हतं. चिठ्ठ्या टाकून दिल्या होत्या आणि वीस जणांची यादी आधी कुठेही प्रसिद्ध केलेली नव्हती.

दुसरी अडचण उमेदवारांच्या नावांची. समितीने ती गुप्त ठेवली आणि पंचवीस ‘जाणत्या’ सभासदांना खासगीत विचारलं: या नऊ जणांबद्दल तुमचं मत काय? दोन दिवसांत नऊ नावं व्हॉट्सअ‍ॅपवर होती. बरोबर नऊच नव्हे, अकरा. त्यातली दोन कुणाच्या तरी अंदाजाने जोडलेली. त्या दोघांपैकी एकाला त्याच्या साहेबांनी विचारलं, ‘कामाच्या वेळात समाजसेवा सुरू केली का?’ बिचाऱ्याने नाव दिलंच नव्हतं.

तिसरी अडचण सगळ्यांत महाग पडली. अभिप्राय गूगल फॉर्मवर मागवले होते. वर ‘गोपनीय’ असं लिहिलेलं, पण ईमेल नोंदवण्याचं सेटिंग सुरू, आणि उत्तरांच्या शीटवर मागच्या वर्षीच्या निमंत्रकाचाही प्रवेश तसाच राहिलेला. तरी गळती तिथून झाली नाही. मंडळात आधीपासून असलेला आणि पुन्हा इच्छुक असलेला एक जण सर्व्हरची जबाबदारी सांभाळायचा. मुलाखतीत समितीच्या एका सदस्याने त्याला विचारलं, ‘ओझरच्या कार्यशाळेच्या आदल्या रात्री सर्व्हर पडला तेव्हा तुम्ही फोन उचलला नाहीत, असं आहे का?’ त्या रात्री फोन करणारे फक्त दोघं होते आणि दुसरा तर त्याचा मित्रच. म्हणजे तक्रार कुणाची हे प्रश्न संपायच्या आत कळलं. तक्रार करणारा सातपूरमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. ते वर्कशॉप उमेदवाराच्या कंपनीसाठी जॉबवर्कवर पॅनेल वायरिंग करतं. पुढची पर्चेस ऑर्डर येईल की नाही, ही धास्ती त्याच्या मालकापर्यंत गेली.

निकाल आला तो चार ओळींचा: चार नावं, कारणं नाहीत. सर्व्हरवाला वगळला गेला. त्याने कारण विचारलं. उत्तर मिळालं, ‘गोपनीय आहे.’ समितीत अंबडच्या कंपनीचे तीन आणि निवडलेल्या चारांपैकी दोन तिथलेच, हे हिशेब लोकांनी परस्पर जुळवले. सर्वसाधारण सभेत ठराव आला: सगळे अभिप्राय, लिहिणाऱ्यांच्या नावांसह, सभासदांना द्यावेत.

ठरावावर काय करायचं

सभेतला राग समजण्यासारखा होता, पण हा ठराव मंजूर करणं चुकीचं ठरलं असतं. अभिप्राय देणाऱ्यांनी गोपनीयतेच्या शब्दावर लिहिलं होतं. तो शब्द नंतर मोडला तर त्या वर्षाचं समाधान मिळेल आणि पुढच्या वर्षी फक्त कौतुकाचे अभिप्राय येतील. जॉबवर्कच्या साखळीने जोडलेल्या शहरात तर नक्कीच.

दुसरीकडे, ‘गोपनीय आहे’ एवढंच म्हणून समितीला सुटताही येत नव्हतं. इथे समितीने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पडद्याआड ठेवल्या होत्या. सर्व्हरवाल्याबद्दल कोण काय म्हणालं, हे झाकणं योग्यच. पण चिठ्ठ्या कशा निघाल्या, कुणाचा कुणाशी व्यवहाराचा संबंध होता, सगळ्या उमेदवारांना सारखे प्रश्न विचारले का, हे झाकून कोणत्याही अभिप्रायदात्याचं रक्षण होत नव्हतं. रक्षण होत होतं ते समितीचं. आणि गंमत अशी की जे खरोखर झाकायचं होतं तेच मुलाखतीत उघड झालं. आमच्या मते या प्रकरणातला दोष नेमका इथे आहे. गोपनीयता किती असावी यावर सभा तासभर भांडली, ती कुणासाठी आहे हे कुणी विचारलं नाही.

मार्ग निघाला तो पडताळणीचा. संस्थेचा सभासद नसलेला आणि कुणाही उमेदवाराशी व्यवहार नसलेला एक सनदी लेखापाल नेमला गेला. त्याला सगळे कागद दाखवले आणि चारच प्रश्न दिले. पात्र सभासदांची यादी सोडतीआधी निश्चित झाली होती का? सर्व उमेदवारांना समान मूळ प्रश्न विचारले गेले का? हितसंबंध असलेले सदस्य त्या-त्या उमेदवाराच्या चर्चेतून बाजूला झाले का? एकाच व्यक्तीच्या सांगण्यावर कुणाला वगळलं गेलं का? प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही, सोबत फार तर एक ओळ. अभिप्रायातला मजकूर उद्धृत करायचा नाही, ही लेखी अट.

उत्तरं आली अशी: यादी निश्चित नव्हती, मूळ प्रश्न समान नव्हते, एका जागेच्या चर्चेत, उमेदवाराच्याच विभागात काम करणारा सदस्य बसून राहिला होता, एकट्याच्या सांगण्यावर मात्र कुणी वगळलं गेलं नव्हतं, सर्व्हरवाल्याबद्दल तीन स्वतंत्र अभिप्राय एकाच दिशेचे होते. सभेने तीन नावं मंजूर केली. चौथी जागा त्या सदस्याला वगळून चौघांच्या समितीकडे परत गेली.

शेवटचं उत्तर सभेला अनपेक्षित होतं. प्रक्रिया गचाळ असूनही त्या एका बाबतीत निर्णयाला आधार होता. हे बाहेरच्या माणसाने एका ओळीत सांगितल्यावर सर्व्हरवाल्याच्या बाजूचे बरेच जण शांत झाले. समितीने तेच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

पुढच्या वर्षासाठी: सोडत

चिठ्ठ्यांचा डबा बाद झाला. त्याऐवजी आयईटीएफ वापरते ती, कुणालाही घरबसल्या तपासता येणारी सोडत घेतली. २००४च्या आरएफसी ३७९७मध्ये तिची कृती आहे. तत्त्व सोपं आहे. आधी इच्छुकांची क्रमांकित यादी प्रसिद्ध करायची आणि गोठवायची. मग अजून न घडलेल्या, कुणाच्याही हातात नसलेल्या सार्वजनिक आकड्यांची नावं जाहीर करायची. ते आकडे आले की ठरलेल्या सूत्रात घालून क्रमांक काढायचे.

नाशिककरांनी पहिला आकडा सुचवला तो अर्थातच लासलगावच्या कांद्याचा. सुचवणं चांगलं, पण त्यात खाचा आहेत. उन्हाळ आणि लाल कांद्याचे भाव वेगळे, लासलगाव मुख्य आवार आणि विंचूर, निफाड या उपआवारांचे वेगळे, त्यात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे. नेमका कोणता, हे आधी लिहिलं नाही तर सोडतीनंतर वाद हमखास. लिलाव बंद राहिले तर पुढच्या लिलावाचा दिवस धरायचा, हेही आधीच लिहायचं. शिवाय भाव गोल आकड्यांत फिरतो. वीसमधून पाच जण निवडण्याचे १५,५०४ प्रकार आहेत. ज्या आकड्याला वास्तवात काहीशेच किमती असू शकतात, तो एकटा त्यातल्या बहुतेक प्रकारांपर्यंत पोचूच शकत नाही. म्हणून त्याच्या जोडीला त्याच दिवसाचा सेन्सेक्सचा बंद निर्देशांक, दोन दशांशांसह, घेतला. एक हजार अंकांच्या चढउतारातही त्याच्या एक लाख शक्यता होतात.

सूत्र असं: सेन्सेक्स, कमाल भाव, सरासरी भाव हे तिरक्या रेघेने जोडून एक ओळ करायची, शेवटी फेरीचा क्रमांक लावायचा, तिचा एसएचए-२५६ हॅश (कुठल्याही मजकुरापासून ठरलेल्या गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा आकडा) काढायचा, तो मोठी संख्या मानून वीसने भागायचा. बाकी शून्य आली तर यादीतला पहिला, एक आली तर दुसरा. निघालेलं नाव यादीतून कमी करून पुढच्या फेरीत एकोणीसने भागायचं. पायथॉनमध्ये पंधराएक ओळींचं काम. चुकतं ते इथे: एकाने ८१,२३४.५६ असा स्वल्पविराम ठेवला आणि दुसऱ्याने काढला, एकाने देवनागरी अंक वापरले, ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली, की हॅश पूर्ण बदलतो आणि दोघांची समिती वेगळी निघते. म्हणून नमुना आकड्यांची ओळ आणि तिचा हॅश आदल्या आठवड्यातच प्रसिद्ध करायचा, म्हणजे प्रत्येकाला आपला प्रोग्रॅम ताडून पाहता येतो.

एकाच कंपनीचा तिसरा माणूस निघाला तर तो सोडून पुढची फेरी. निवडलेला कुणी नंतर अपात्र ठरला किंवा मागे हटला, तरीही पुढची फेरीच. अपात्राचं नाव यादीतून काढून सोडत पहिल्यापासून पुन्हा घेणं कटाक्षाने टाळायचं. आकडे माहीत झाल्यावर यादी बदलण्याची मुभा दिली की हवं ते नाव येईपर्यंत हरकती घेता येतात.

उमेदवारांची नावं

यावर सर्वांत जास्त मतभेद झाले. गुप्ततेच्या बाजूचा मुद्दा खरा आहे: नाव उघड झालं आणि निवड झाली नाही तर माणूस ‘पडला’ म्हणतात, आणि ज्यांना हे सोसत नाही ते उभेच राहत नाहीत. आयईटीएफमध्येही अनेक वर्षं नावं गुप्त होती. अभिप्रायासाठी पाठवायच्या यादीत उमेदवार नसलेल्यांची नावंही मिसळली जात, म्हणजे यादी पाहून खरा उमेदवार कळू नये. २००९मध्ये आरएफसी ५६८०ने तयार असलेल्या उमेदवारांची यादी उघड करायला परवानगी दिली. मोजक्यांनाच यादी दिली की ज्यांचा उमेदवाराशी खरा कामाचा संबंध आला ते विचारण्यातून सुटतात, हा त्या बदलामागचा एक व्यवहारी विचार.

१६० जणांच्या गटात तर नावं गुप्त राहत नाहीतच, फक्त चुकीची नावंही सोबत फिरतात. म्हणून नियम झाला: नाव सुचवलं गेलं तरी ते उघड होणार नाही. उमेदवाराला दहा दिवस मिळतील. घरी, कंपनीत विचारून त्याने लेखी संमती दिली तरच यादीत नाव. किती नावं सुचवली गेली हा आकडा प्रसिद्ध होईल, नकार देणाऱ्यांची नावं कधीच नाही. प्रत्येक उमेदवाराने एक पान लिहायचं: कोणती जबाबदारी हवी, महिन्याला किती तास देणार, कोणत्या सभासद कंपनीशी खरेदी-विक्रीचा किंवा नोकरीचा संबंध आहे. शेवटची ओळ रिकामी ठेवायची नाही, संबंध नसेल तर ‘नाही’ लिहायचं.

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची रचना या वादात उपयोगी पडली. तिथे प्रकल्पप्रमुखाची निवड दरवर्षी होते: एक आठवडा नामांकनाला, तीन आठवडे प्रचाराला, दोन आठवडे मतदानाला. उमेदवार आणि त्यांची भूमिका पूर्ण उघड, मत मात्र गुप्त. मतमोजणीच्या प्रसिद्ध तक्त्यात आपलं मत बरोबर नोंदलं गेलं का, हे मतदार स्वतःच्या सांकेतिक ओळीवरून तपासू शकतो. इतर ठरावांवर कुणी कसं मत दिलं हे तिथे नावानिशी प्रसिद्ध व्हायचं. २०२२मध्ये सदस्यांनी मतदान करून तेही झाकलं. वादग्रस्त ठरावावर नाव दिसल्याने त्रास होईल ही भीती त्यामागे होती. पारदर्शकता इतकी मानणाऱ्या प्रकल्पालाही व्यक्तीचं मत झाकावंसं वाटलं, हे सभेतल्या ‘सगळं उघड करा’वाल्यांना ऐकवण्यासारखं होतं.

अभिप्राय

तांत्रिक मंडळींना इथे लगेच एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद करण्याचा मोह होतो. त्यासाठी पीजीपी किल्ल्या, वेगळा सर्व्हर वगैरे. करावं, पण या प्रकरणात माहिती फुटली ती एका वाक्यातून. ते वाक्य रोखायचं असेल तर नियम मुलाखतीसाठी हवेत.

पहिला: कुणाच्याही अभिप्रायातली जागा, तारीख, प्रसंग उमेदवारासमोर उच्चारायचा नाही. दुसरा: तीन स्वतंत्र माणसांकडून आलेली गोष्टच उमेदवाराला थेट विचारायची, तीही समितीच्या शब्दांत. एकाच माणसाने सांगितली असेल तर तिचा सर्वसाधारण प्रश्न करून सगळ्या उमेदवारांना विचारायचा: ‘रात्री सर्व्हर पडला तर पहिला फोन कुणी उचलायचा, आणि त्याने नाही उचलला तर?’ सर्व्हरवाल्याला हाच प्रश्न गेला असता तर त्याच्या उत्तरातून समितीला हवं ते कळलं असतं.

निनावी अभिप्राय घ्यायचे नाहीत, असंही ठरलं. कोण बोलतंय हे कळल्याशिवाय समितीला त्याचं वजन ठरवता येत नाही. स्पर्धकानेच पाच फॉर्म भरले असतील. नाव समितीला कळेल, बाहेर नाही. फॉर्मवर ‘गोपनीय’ या एका शब्दाऐवजी तीन वाक्यं: तुमचं नाव समितीच्या पाच जणांना आणि निमंत्रकाला दिसेल, पडताळणी करणाऱ्यालाही दिसेल, कायद्याने मागितलं तर द्यावं लागेल. ज्याला लिहायचं नसेल त्याने समितीच्या दोघांशी समोरासमोर बोलावं. उत्तरांच्या शीटचा प्रवेश दरवर्षी नव्याने द्यायचा आणि निवड संपल्याच्या दिवशी काढून घ्यायचा. मागच्या निमंत्रकाचा प्रवेश तपासणं हे नव्या निमंत्रकाचं पहिलं काम.

पैशाचा अपहार, छळ, पासवर्डचा गैरवापर असे आरोप अभिप्रायात आले तर समितीने त्यावर निर्णय द्यायचा नाही. असा आरोप गुप्त राहिला तर आरोपीला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही, आणि खरा असेल तर नुसतं ‘निवड झाली नाही’ एवढ्यावर तो सुटतो. लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन ते प्रकरण तक्रार निवारणाकडे पाठवायचं.

वगळलेल्याला कारण द्यायचं का? निकष आधी प्रसिद्ध झालेले असतील तर हो: कोणत्या निकषावर समितीला समाधान झालं नाही, एवढं निमंत्रकाने समक्ष सांगायचं, लेखी नाही. क्रमवारी आणि समितीतली मतविभागणी कुणालाच नाही.

कागदपत्रं

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असल्याने कार्यकारी मंडळातला बदल कलम २२नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. बदल अर्जासोबत सभेची सूचना, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमतिपत्रं असा ऐवज लागतो. कुणी हरकत घेतली तर चौकशीत हेच कागद तपासले जातात, आणि आतल्या गोपनीयतेचं वचन तिथे ढाल होत नाही. तेव्हा इतिवृत्तात फक्त निर्णय, ठरावाचे सूचक-अनुमोदक, सोडतीचे आकडे आणि पडताळणीची चार उत्तरं. अभिप्रायातलं एकही वाक्य इतिवृत्तात जाऊ नये. उत्साही सचिव ‘चर्चेचा सारांश’ लिहितात आणि झाकलेलं सगळं कायमच्या दप्तरात जातं.

अभिप्राय निकालाच्या दिवशी नष्ट करण्याचा प्रस्ताव होता. तो नाकारला, कारण हरकत आली तर कागद फाडणं हाच संस्थेविरुद्धचा मुद्दा होतो. ते मोहोरबंद पाकिटात निमंत्रक आणि लेखापाल यांच्या संयुक्त ताब्यात राहतील आणि बदल अर्ज मंजूर होऊन अपिलाची मुदत संपली की दोघांसमोर नष्ट होतील.

चौथ्या जागेचा निर्णय मागे राहिल्याने तीन नावांचा बदल अर्ज थांबवून ठेवायचा का, असा प्रश्न आला. थांबवायचा नाही. तीन सदस्यांचे ९० दिवस त्यांच्या मंजुरीच्या ठरावापासून मोजायचे आणि चौथ्यासाठी स्वतंत्र अर्ज करायचा.